नैराश्यावर ‘डोळ्यांची थेरपी’: कुणाला लागू पडते, कुठे अडते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत ईएमडीआर (आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रिप्रोसेसिंग), म्हणजे त्रासदायक आठवण मनात धरून डोळे फिरवण्याच्या उपचारपद्धतीवर लेख आला. बोटामागे डोळे डावी-उजवीकडे फिरवायचे, की तीन-चार बैठकांत डिप्रेशन पळाले, असा त्याचा एकूण सूर होता. सोबत घरच्या घरी करायच्या ‘व्यायामा’ची चौकटही होती. या पद्धतीची मराठीत दखल घेतली गेली याचा आनंद आहे, कारण मानसोपचार म्हटले की अजूनही अनेकांना फक्त झोपेच्या गोळ्या आठवतात. पण लेखाने उपचाराचा सगळा भार डोळ्यांवर टाकला. त्या माणसाचे नैराश्य मुळात एखाद्या आठवणीशी जोडलेले आहे का, त्यातली नेमकी कोणती आठवण हाती घेतली आणि उघडलेली आठवण बैठकीअखेर नीट मिटवली का, यावर उपचाराचे यशापयश मुख्यतः ठरते. त्याबद्दल लेखात एक ओळही नव्हती, म्हणून हे पत्र. ते जरा लांबले आहे. काटछाट करावीच लागली तर इतिहासाला कात्री लावा, मधल्या तपशिलाला नको.

इतिहास एवढाच, की फ्रॅन्सिन शापिरो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांना १९८७ मध्ये या पद्धतीचे बीज सुचले आणि १९८९ मध्ये त्यांचा पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे पीटीएसडी, म्हणजे भीषण प्रसंगानंतर मागे लागणारा आघातविकार, यावरचा उपचार म्हणून तिला मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आणि ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ‘नाइस’ संस्थेने २०१८ मध्ये तिची शिफारस केली ती पीटीएसडीसाठी. त्याच ‘नाइस’च्या २०२२ च्या नैराश्यविषयक मार्गदर्शिकेत शिफारस केलेल्या उपचारांत ईएमडीआर नाही. तिथे सीबीटी (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी थेरपी) आहे, वर्तन-सक्रियता (रोजच्या कृती हळूहळू वाढवणे) आहे, आंतरवैयक्तिक थेरपी (नात्यांमधल्या प्रश्नांवर काम) आहे, औषधे आहेत. तेव्हा ‘डब्ल्यूएचओमान्य डिप्रेशन थेरपी’ अशी पाटी दिसली, तर एका आजाराचे प्रमाणपत्र दुसऱ्याच्या गळ्यात घातले आहे, हे ओळखावे.

म्हणून नैराश्यात ती कुचकामी आहे, असेही नाही. इटली आणि स्पेनमध्ये झालेली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी आम्हाला महत्त्वाची वाटते. वारंवार नैराश्य येणाऱ्या, औषधे चालू असलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एकाला सीबीटी दिली, दुसऱ्याला ईएमडीआर. बैठका साधारण १२ ते १८. उपचार संपताना ईएमडीआर गटातले सुमारे ७१ टक्के आणि सीबीटी गटातले सुमारे ४९ टक्के रुग्ण लक्षणमुक्तीच्या रेषेखाली आले होते. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा दोन्ही गटांत नोंद घेण्याजोगा फरक उरला नव्हता. शिवाय रुग्ण शंभराच्याही आत. २०२४ मध्ये २५ चाचण्यांचे आकडे एकत्र करून झालेल्या विश्लेषणात नैराश्यावर मध्यम ते बऱ्यापैकी परिणाम दिसला आणि लक्षणे तीव्र असलेल्यांत तो अधिक दिसला. दुसरीकडे, २०२० मध्ये पिम क्यूपर्स हे डच संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईएमडीआरच्या चाचण्यांची झाडाझडती घेतली, तेव्हा बहुतेकींची रचना कच्ची निघाली आणि पीटीएसडी सोडून इतर आजारांबाबत ठाम बोलण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. आमचे मत या दोन्हींच्या मधले आहे: नीट निवडलेल्या रुग्णाला, नीट शिकलेल्या माणसाने, चालू उपचारांच्या जोडीने दिल्यास उपयोगी, सरसकट दिल्यास पैसे आणि उमेद दोन्ही वाया.

आता निवडीबद्दल. नैराश्याचे सगळे झटके एका कारणाने येत नाहीत. काहींत सुरुवात बोट ठेवून दाखवता येते: घटस्फोट, अपत्य गमावणे, नोकरीतून चारचौघांत अपमानित होऊन बाहेर पडणे. जीवावर बेतलेला प्रसंगच हवा, असे नैराश्यात नसते. ताटातूट, मानहानी आणि वियोग हे इथले नेहमीचे धागे. असा धागा असेल तर ईएमडीआरला पकडायला काही तरी मिळते. उलट थायरॉइड मंदावला आहे, हिमोग्लोबिन आठवर आहे किंवा बी-१२ तळाला गेले आहे, अशा माणसाच्या आठवणी कितीही उपसल्या तरी थकवा आणि उदासी जाणार नाही. शाकाहारी घरांमधून बी-१२ ची कमतरता आपल्याकडे नवी नाही. या तीन तपासण्या पहिल्या बैठकीच्या आधी व्हाव्यात. तसेच पूर्वी कधी आठवडाभर झोपेची गरजच वाटली नाही, पैसे उधळले, बोलणे थांबेना, असा काळ येऊन गेला आहे का, हे घरच्यांनाही विचारावे. तसे असेल तर तो बायपोलर आजार असू शकतो, आणि मग आधी मानसोपचारतज्ज्ञांकडून मूड स्थिर करून घेणे आले.

जखम अजून चालूच असेल तर ही पद्धत हमखास अडते. नवरा रोज पिऊन मारतो, सावकार दारात उभा आहे, वरिष्ठ दररोज सगळ्यांसमोर पाणउतारा करतो, अशा परिस्थितीत कालची आठवण शांत केली तरी आज संध्याकाळी नवी तयार होते. तिथे कायदेशीर मदत, कर्जाची पुनर्रचना, घर किंवा बदली हाच पहिला उपचार.

बालपणीच्या आघाताचे गणितही वेगळे आहे. आघातविकारांचे अभ्यासक बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या २००७ च्या चाचणीत पीटीएसडीच्या रुग्णांना ईएमडीआरच्या आठ बैठका दिल्या होत्या. सहा महिन्यांनंतर, मोठेपणी आघात झालेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लक्षणमुक्त होते. लहानपणी आघात झालेल्यांत हे प्रमाण एक तृतीयांश होते. ती चाचणी नैराश्याची नव्हती, पण धडा इथेही लागू आहे. वर्षानुवर्षांची हेळसांड हा एक प्रसंग नसतो, त्यामुळे तीन-चार बैठकांचे आश्वासन अशा रुग्णाला देणे ही शुद्ध फसवणूक आहे.

सर्वात जास्त चुका होतात त्या आठवण निवडताना. नैराश्यातल्या माणसाला प्रसंग विचारला तर तो प्रसंग सांगत नाही, गोषवारा सांगतो: ‘कॉलेजची सगळी वर्षं वाईटच गेली.’ आठवणी अशा ढोबळ होणे हे नैराश्याचे अभ्यासाने सिद्ध झालेले लक्षण आहे. ढोबळ आठवणीवर बोटे फिरवून काही होत नाही. एक दृश्य लागते, ज्यात जागा आहे, माणसे आहेत, कपड्यांचा रंग आहे.

समजा, चाळिशीतल्या गृहस्थांची नोकरी गेली आणि त्यानंतर नैराश्य आले. विचारत विचारत गेल्यावर दृश्य सापडते: कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षकाने गळ्यातले ओळखपत्र काढून घेतले आणि मागे रांगेत सहकारी उभे होते. त्या क्षणाला चिकटलेले वाक्य, ‘मी कुचकामी आहे.’ त्याऐवजी काय खरे वाटायला हवे? ‘मी अजून कामाचा आहे.’ हे दुसरे वाक्य आत्ता कितपत खरे वाटते, हे १ ते ७ मध्ये सांगायचे. ते म्हणतात २. दृश्याचा त्रास ० ते १० मध्ये किती? ८. शरीरात कुठे? छातीवर दडपण, घशात आवंढा. एवढे कागदावर आल्याशिवाय बोट उचलू नये.

मग पुढे काय होते? दृश्य मनात धरून डोळे फिरवण्याच्या पहिल्या काही फेऱ्यांत ८ चा ६ होतो, ६ चा ५ होतो आणि गाडी तिथेच अडते. नवशिका उपचारक फेऱ्या वाढवत बसतो. जाणता विचारतो, की ‘मी कुचकामी’ हे याआधी, अगदी पहिल्यांदा, कधी वाटले होते? आणि सातवीच्या वर्गातला फळा पुढे येतो, गणित न सुटल्याने तासभर त्यापुढे उभे केलेला मुलगा. त्या जुन्या आठवणीकडून नव्या आठवणीला रसद मिळत असते. ती आधी निस्तरली की गेटवरचे दृश्य पुष्कळदा थोडक्यात आटोपते. जर्मनीच्या आर्ने हॉफमान यांच्या गटाने नैराश्यासाठी बांधलेल्या ‘डेप्रएंड’ या आराखड्याचा गाभा हाच आहे: झटका सुरू करणारे प्रसंग, मग अशी वाक्ये रुजवणाऱ्या जुन्या आठवणी, मग खुद्द नैराश्याच्या किंवा मरणाच्या विचारांच्या अवस्थेच्या आठवणी, आणि शेवटी ‘हे परत येईल’ ही धास्ती. शेवटचा टप्पा लोक हमखास गाळतात, कारण तोवर रुग्णाला बरे वाटू लागलेले असते. ज्याला आधी दोन-तीन झटके येऊन गेले आहेत त्याच्या बाबतीत तो गाळू नये.

नैराश्यातला आणखी एक चकवा म्हणजे खोटा शून्य. त्रास किती, म्हटल्यावर रुग्ण सुरुवातीलाच १ किंवा ० सांगतो. याचा अर्थ आठवण निवळली असा नसून मन बधिर आहे असा असतो. शरीराकडे पाहावे: जबडा आवळलेला, श्वास उथळ, हात गार. अशा वेळी त्या बधिरपणालाच लक्ष्य करून सुरुवात करता येते, किंवा पहिले काही आठवडे झोप, अंघोळ, सकाळी वीस मिनिटे चालणे एवढ्यावर काम करून मग आठवणींकडे वळता येते. मात्र बधिरपणा फार खोल असेल, काळाचे तुकडे आठवतच नसतील, स्वतःला बाहेरून पाहिल्यासारखे होत असेल, तर डीईएस ही मन असे तुटण्याचे प्रमाण मोजणारी २८ प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्यावी. मन असे तुटणाऱ्या रुग्णावर घाईने फेऱ्या सुरू केल्या तर तो खुर्चीतच हरवतो, आणि परत आणायला तास जातो.

प्रत्यक्ष फेरीबद्दल लेखात जे होते ते अर्धवट होते. बोट किंवा काडी चेहऱ्यापासून ३० ते ३५ सेंटिमीटरवर, रुग्णाला सोसेल तेवढी रुंद चाल, मान स्थिर. एका फेरीत सुमारे २४ वेळा जा-ये, म्हणजे साधारण अर्धा मिनिट. मग थांबून दीर्घ श्वास आणि एकच प्रश्न: ‘आता काय येतंय?’ उत्तर एक-दोन वाक्यांत घ्यायचे आणि पुढची फेरी. इथे आपल्याकडची समजूत घालण्याची सवय नडते. ‘अहो, पण यात तुमची काय चूक?’ असे उपचारक मध्येच बोलला की रुग्ण आठवणीतून बाहेर येऊन शिष्टाचाराने मान डोलावतो. दोन-तीन फेऱ्या तोच विचार गोल गोल फिरत असेल, तरच एखादा नेमका प्रश्न घालावा: ‘तुमचा मुलगा सातवीत असा उभा असता तर त्याला काय म्हणाला असता?’ आणि लगेच पुन्हा फेरी.

वेग महत्त्वाचा का? सध्याचे सर्वात तग धरून असलेले स्पष्टीकरण कार्यस्मृतीचे, म्हणजे क्षणभर मनात धरून ठेवण्याच्या मर्यादित क्षमतेचे आहे. फोन नंबर मनात धरून तो लावेपर्यंत कुणी मध्येच बोलले की आकडे विरतात, तसे आठवण मनात धरलेली असताना डोळ्यांना काम दिले की तिच्यातला ठळकपणा आणि चटका कमी होतो. नेदरलँड्समधल्या प्रयोगांत वेगवान हालचालीने संथ हालचालीपेक्षा जास्त फरक पडला, आणि कानात आलटून पालटून वाजणाऱ्या बीपपेक्षा डोळे सरस ठरले. पण काम अति अवघड झाले तर आठवणच हातची सुटते. नैराश्यात विचार आणि हालचाली मंदावलेल्या असतात, म्हणून एकाला पुरेसा असलेला वेग दुसऱ्याला झेपत नाही. ‘चित्र अजून धरता येतंय का?’ हे विचारून वेग ठरवावा. चित्र जसेच्या तसे ठळक राहत असेल तर वेग वाढवावा, पार गायब होत असेल तर कमी करावा. डोळ्यांचा वाटा खरा किती, यावर वादही आहे. २००१ च्या एका संयुक्त विश्लेषणात डोळ्यांमुळे जादा फायदा आढळला नव्हता, २०१३ च्या दुसऱ्यात आढळला. दोन्हींची माहिती असणारा माणूस डोळ्यांचा बाऊ करत नाही.

डोळे दुखले तर तिथेच थांबायचे. नुकतीच मोतीबिंदूची किंवा पडद्याची शस्त्रक्रिया झाली असेल, मायग्रेन किंवा फिट्सचा इतिहास असेल, तर आधी संबंधित डॉक्टरांना विचारावे आणि गुडघ्यांवर किंवा हातांवर आलटून पालटून थापट्या वापराव्यात. कॉन्टॅक्ट लेन्स काढून बसावे.

बैठकीला ६० ते ९० मिनिटे लागतात. गर्दीच्या ओपीडीतली वीस मिनिटे म्हणजे जखम उघडून पट्टी न बांधता घरी पाठवणे. शेवटची दहा मिनिटे फेऱ्यांसाठी वापरायचीच नाहीत. आठवण अर्धी राहिली असेल तरी ती बाजूला ठेवायची, आधी शिकवलेल्या सुरक्षित जागेच्या कल्पनेत जायचे, खोलीतल्या वस्तूंकडे लक्ष आणायचे. ही सुरक्षित जागासुद्धा पहिल्या तयारीच्या बैठकांत तपासून घ्यावी लागते. आजोळचा ओटा निवडला आणि आजी आता नाही हे आठवून रडू कोसळले, असे नैराश्यात सहज घडते. माणसे नसलेली जागा बरी: समुद्रकिनारा, एखादे देऊळ, गच्ची. पुढचे दोन-तीन दिवस स्वप्ने, चिडचिड, जुने तपशील वर येणे अपेक्षित असते. ते आधी सांगितलेले नसेल तर रुग्ण ‘यानं तर जास्तच बिघडलं’ म्हणून पुन्हा फिरकत नाही. बैठक संपल्या संपल्या दुचाकी चालवत घाटातून जाऊ नये, आणि परीक्षेच्या किंवा लग्नाच्या आदल्या दिवशी बैठक ठेवू नये. अंतर साधारण आठवड्याचे ठेवावे; महिन्याने आले तर निम्मा वेळ मागचे उकरण्यात जातो. आणि प्रत्येक बैठकीची सुरुवात मागच्या आठवणीचा आकडा पुन्हा विचारून व्हायला हवी. ० वर सोडलेली आठवण ४ वर आलेली दिसली, तर तिच्या पोटात आणखी काही आहे.

गोळ्यांबाबत लेखातले ‘औषधांशिवाय’ हे शब्द धोकादायक आहेत. वर उल्लेखलेल्या २०१८ च्या चाचणीत दोन्ही गटांची औषधे चालू होती. नैराश्यविरोधी गोळी मनाने बंद केली तर झटका उलटू शकतो, आणि मधेच डोस बदलला तर कशाने काय झाले तेही कळत नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्यांचा मुद्दा निराळा. बैठकीच्या आधी त्या घेतल्या तर भावना इतकी दबते की काम पुढे सरकत नाही, असे अनेक उपचारकांचे निरीक्षण आहे. पण त्या एकदम बंद करणे घातक, फिट येऊ शकते. कमी करायच्या तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच, टप्प्याटप्प्याने.

परिणाम मोजायला पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली पुरते. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, एकूण गुण २७. १० आणि त्यापुढे नैराश्य मध्यम किंवा अधिक. दर दोन आठवड्यांनी भरून घ्यावे. गुण निम्म्यावर आले तर उपचार लागू पडला म्हणायचे, ५ च्या खाली आले तर लक्षणे जवळपास गेली. आठवणीचा आकडा ० झाला आणि पीएचक्यू जागचा हलला नाही, असे झाले तर चुकीची आठवण निवडली होती किंवा या माणसाचे नैराश्य आठवणींमुळे नाही. सहा-सात बैठका होऊन गुण हलत नसतील तर आराखडा बदलावा किंवा सीबीटी, वर्तन-सक्रियता यांच्याकडे वळावे. नवव्या, म्हणजे मरणाच्या विचारांच्या प्रश्नाला ० सोडून काहीही उत्तर आले, तर त्या दिवशी आठवणी उघडायच्या नाहीत. आधी सुरक्षिततेचे बोलणे, घरच्यांना कल्पना, मानसोपचारतज्ज्ञांची गाठ.

उपचारक कोण, हा प्रश्न लोक संकोचाने विचारत नाहीत. विचारावा. ईएमडीआरचे प्रमाणपत्र हा स्वतंत्र परवाना नाही. आधी तो माणूस मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे का, ते पाहावे. अमेरिकेतल्या ईएमडीआर उपचारकांच्या संघटनेच्या निकषानुसार मूलभूत प्रशिक्षण म्हणजे २० तास शिकवणी, २० तास सराव आणि १० तास ज्येष्ठांचा सल्ला. एका रविवारच्या कार्यशाळेतून मिळालेले प्रमाणपत्र यात बसत नाही.

आमची मागणी दोन गोष्टींपुरती आहे. आपल्या संकेतस्थळावर अजून असलेली ती चौकट काढून टाकावी. तीत ‘सर्वात दुःखद प्रसंग आठवा आणि पाच मिनिटे डोळे फिरवा’ असे लिहिले आहे. रात्री एकट्याने हे करणाऱ्या नैराश्यग्रस्ताकडे आठवण उघडायची कृती पोचते आणि मिटवायची पोचत नाही. आणि त्याच जागी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक छापावा. तो निःशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येते.

आपले,
चिकित्सा मानसशास्त्र व मानसोपचार क्षेत्रात काम करणारे काही वाचक, पुणे